लाल गाडीचं पितळ

हाजराबीनं पडवीतली खुर्ची उचलून अंगणात फणसाखाली नेली, तेव्हाच तिची सून इफ्फत समजली की आज दुपारची झोप गेली. खुर्चीवरून गाडी नीट दिसत होती. गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यामागे धोंडू मेस्त्रीचं टक्कल वरखाली होत होतं. टक्कल दिसतं पण हात दिसत नाहीत, हेच हाजराबीला खुपत होतं.

"अम्मी, तो काय पळून जातोय?"

"पळणारा सांगून पळतो काय गो? तू सुपारी आण."

गाडी लाल, दोनच माणसांची, वर टप नसलेली. हाजराबीचा नवरा अस्लम जहाजावर इंजिनिअर होता. त्यानं ती मुंबईत एका म्हाताऱ्या पारशाकडून घेतली. राजिवड्याच्या बोळात ती शिरली तेव्हा अर्धा मोहल्ला, ह्यात पोरं बसवायची कुठं, एवढंच विचारायला जमला होता. अस्लमच्या माघारी गाडी हाजराबीनं सांभाळली. खारं वारं लागू नये म्हणून तिला जाड चादर शिवली. दर ईदेला घरातली पितळेची भांडी घासायला काढली की गाडीचंही पितळ काढायची. इंजिनाच्या अंगाला, त्याला पेट्रोल पाजणारे दोन कार्बोरेटर होते, मशिदीच्या घुमटासारखे. अस्लम रविवारी ते खोलून बसायचा आणि ही शेजारी उभी राहून बघायची. दोनचार स्क्रू, त्यात आहे काय? त्याच्यामागे तीही ते खोलायची आणि आत जे जे पिवळं दिसेल ते आमसुलाच्या पाण्यानं आणि चुलीच्या राखेनं असं लखलखीत करायची की सोन्यानं मान खाली घालावी.

आता नातू जिब्रान दोह्याहून लग्नाला आला होता. शुक्रवारी पावसला निकाह, आणि नवरी उमैमा ह्याच गाडीतून घरी आणायची, असं अस्लम नातू पाळण्यात असतानाच बोलून गेला होता. अस्लमचा शब्द हाजराबीनं कधी खाली पडू दिला नाही. तो जिवंत असताना तिनं स्वतः पाडला असेल तेवढाच. पण गाडी सुरू केली की मागून काळा भपकारा, पेट्रोलचा वास, आणि नाक्यापर्यंत जाऊन बंद.

म्हणून धोंडू. मिरकरवाड्यात मच्छीमार बोटींची इंजिनं करायचा, पण गाडीचं काम अस्लमच्या हाताखाली शिकलेला. पहिल्या दिवशी तो रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून, डॉक्टर छाती तपासतो तसा, एकदा ह्याचा नि एकदा त्याचा श्वास ऐकत बसला. तोवर ठीक होतं. मग त्यानं एकाचा घुमट उचलला, आतून एक बारीक पिवळी सुई काढली, उजेडात धरली, हाजराबीकडे एकदा बघितलं आणि सुई पटकन फडक्यात गुंडाळली. दुसरीचंही तेच. मग जिब्रानला माडाकडे नेऊन कुजबुजला. जिब्राननंही मान वळवून दादीकडे बघितलं. चोरटी नजर दोघांत वाटली की निम्मी होत नाही, दुप्पट होते.

बुधवारी सकाळी जिब्रान गोड आवाजात म्हणाला, "दादी, हे दोन्ही कार्बोरेटर काढून दुसऱ्या गाडीचा एकच बसवूया. धोंडूकाका बसवायची पट्टी करून घेतोय."

"का? ह्यांना काय झालं?"

"समुद्राची हवा लागली गो."

"मी चाळीस वर्षं त्याच हवेत बसलेय. मला तर काही झालं नाही."

"तुला कोण काय करणार," जिब्रान पुटपुटला.

"आणि त्यानं फडक्यात काय बांधलंन?"

जिब्रान बॉनेटकडे चालू लागला. इथं हाजराबीचा हिशोब जुळला. गेल्या साली मुंबईचा एक टोपीवाला असल्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधत दारात आला होता. तिनं त्याला झाडू दाखवला होता. दारातून गेलेला माणूस आता धोंडूच्या खिशातून परत आला, दुसरं काय?

त्या संध्याकाळी धोंडू निघाला तर खुर्ची फाटकात आडवी, आणि खुर्चीत हाजराबी.

"खिसे दाखव."

"चाची?"

"बहिरा झालास इंजिनं ऐकून? खिसे."

रिकामी पाटी घेऊन चाललेली मासेवाली थांबली. समोरच्या पडवीत दोघं उभे राहिले. धोंडूनं विड्या काढल्या, रबरी नळीचा तुकडा काढला, आणि शेवटी ते फडकं. हाजराबीनं ते उलगडलं. आत दोन सुया.

"बघ इफ्फत. अस्लमनं ज्याचा हात धरून शिकवलं, त्याचा हात कुठं पोचला बघ."

धोंडूचं तोंड उघडलं, पण डोळे अंगणातल्या जिब्रानकडे गेले आणि सांगू नकोस अशी मान धोंडूनंच हलवली. फडकं तिच्याच हाती राहू दिलं. "येतो, चाची," म्हणाला आणि गेला. हत्यारांची पिशवीही तिथंच राहिली.

जिब्रान जेवला नाही. "मी भाड्याची गाडी सांगतो," एवढंच म्हणाला.

"चोर पकडला मी, आणि तोंड तू पाडतोस?"

"मला विचारू नकोस, दादी. त्यानं मला शपथ घातलीय."

सुया कुलपात ठेवाव्यात म्हणून हाजराबी स्वयंपाकघरात गेली. किल्ली शोधायला तिनं त्या घटकाभर फळीवर ठेवल्या, पितळेच्या तपेलीशेजारी. मग किल्ली हातातच राहिली. धोंडूच्या पिशवीतलं सगळं काळं, तेलकट. गाडीच्या पोटातलंही तसंच. सुया मात्र तपेलीसारख्या चकचकत होत्या. तिनं एक अंगठ्यावर फिरवली. सुई एका अंगानं उतरती झिजलेली, थेट तिच्या उलथन्यासारखी. तिचं उलथनं दुसऱ्या कुणाला चालत नसे, कारण तिचा हात घासताना डावीकडे कलतो आणि भांडंही तसंच झिजतं. हा कल तिनं ओळखला. स्वतःची सही येत नसली तरी स्वतःचा हात माणूस ओळखतोच.

"जिब्रान," तिनं हाक मारली. "ह्या सुयांचं काम काय?"

तो दारात आला. सुया बघून त्याचा चेहरा उतरला. "पेट्रोल किती सोडायचं ते त्यांच्या जाडीवर ठरतं. केसभर झिजली तरी जास्त सुटतं."

"म्हणून धूर."

"हो."

"मग खिशात का घातल्यान?"

"लेथवाल्याला दाखवणार होता, अशाच करून मिळतात का ते. तुझ्यासमोर बोलायचं नव्हतं त्याला. म्हणाला, चाचीनं मायेनं घासल्यात, तिला कळलं तर तुझा माझा संबंध संपला."

हाजराबी तपेलीकडे बघत राहिली. "मायेबद्दल त्याला कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली, पण आवाज नेहमीच्या उंचीवर चढला नाही.

गुरुवारी सकाळी तिनं बुरखा घातला आणि रिक्षा सांगितली. इफ्फत म्हणाली, त्यालाच घरी बोलावू. हाजराबीनं मान हलवली. खिसे चारचौघांत झाडले होते, तर पुढचंही चारचौघांतच व्हायला हवं.

मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटींत बर्फ चढत होता. धोंडू एका बोटीच्या इंजिनात अर्धा गडप होता. हाजराबी जाळ्यांच्या ढिगाशी उभी राहिली आणि मोहल्ला गोळा करायच्या आवाजात म्हणाली, "ऐका रे सगळे. ह्या धोंडूच्या खिशात माझं चोरीचं काही नव्हतं. सुयांची वाट मी लावली, घासून घासून. आणि चोर ह्याला म्हटलं."

कुणीतरी हसलं.

"हसायला नाही सांगितलं. ऐकायला सांगितलं."

धोंडू हात पुसत वर आला. बराच वेळ पुसत होता. "एवढ्यासाठी रिक्षा केलीत, चाची?"

"रिक्षा उभीच आहे. बस तीत. उद्या शुक्रवार."

तो हलला नाही. "एकच बसवावा लागेल. नव्या सुया आता कुठून आणू? आणि साहेबांच्या वेळचा आवाज नाही येणार, ते आधीच सांगतो."

हाजराबीनं पाण्याकडे बघितलं. अस्लमची गाडी भाट्याच्या पुलावर आली की त्या आवाजावर ती तांदूळ चुलीवर ठेवायची.

"तो आवाज मीच घासून टाकला," ती म्हणाली. "बसव तू. पण जुने दोन्ही घरात राहतील."

"राहतील. फक्त, चाची..."

"नाही लावत हात. पडू देत काळे."

शुक्रवारी गाडी अंगणात सुरू झाली. आवाज परका होता, नाकात बोलणाऱ्या पाहुण्यासारखा. हाजराबीनं पांढरा रुमाल मागच्या नळीशी धरला, मग उजेडात नेऊन उलटसुलट बघितला. "हा डाग कसला?"

"एवढा पडतोच," धोंडू म्हणाला. तो आज इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

"पडतो की नाही ते परत आल्यावर बघते."

जिब्राननं शेरवानी सावरून शेजारचं दार उघडलं. "दादी, बस. येताना उमैमा, पण जाताना तू."

हाजराबीनं त्या सीटकडे बघितलं. हात दारावर ठेवला, आणि मग काढून घेतला.

"धोंडूला घे," ती म्हणाली. "वाटेत बंद पडली तर मी काय उतरून घासत बसू?"