पिवळ्या बसच्या पोटातली ऊब

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर तुम्हाला शाळेच्या पिवळ्या बसखाली पाठीवर सरपटत जावे लागेल. इंजिनच्या डाव्या अंगाला एक पितळी चकती दिसेल, तिच्यातून निघालेली काळी वायर दिसेल. तो मी. माझी वाकडी तांब्याची नळी मात्र दिसणार नाही, कारण ती आत कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनात खेळणाऱ्या न गोठणाऱ्या पाण्यात, बुडालेली आहे. मी इंजिन तापवणारा हीटर आहे. वय वर्षे एकोणीस. आमच्यात हे वय म्हणजे म्हातारपणच.

आमचे गाव झोर्या, कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या सपाट, गव्हाच्या मुलखात. इथे पारा उणे चाळीसला पोचला तरी कुणी त्याचे कौतुक करत नाही. फक्त इंजिनातले तेल थिजून त्याची काकवी होते. मग किल्ली फिरवली की गाडी एकदा कण्हते आणि गप्प बसते. म्हणून इथल्या प्रत्येक गाडीच्या नाकातून एक प्लग लोंबत असतो, आणि निघायच्या दोन-तीन तास आधी लोक तो विजेला जोडतात.

कारखान्यातून निघाल्यावर दोन वर्षे मी तालुक्याच्या दुकानात फळीवर धूळ खात पडलो होतो. शेजारचे सगळे एकेक करून गेले. मला वाटले, माझा जन्म खोक्यातच जाणार. तेवढ्यात स्लाव्का आली.

स्लाव्का म्हणजे झोर्याच्या बसची चालक. नवरा लांब खाणीत कामाला, घरी ती आणि म्हातारे सासरे ओनुफ्री. बसमधला जुना हीटर जळाला होता आणि त्या हिवाळ्यात तीन सकाळी बस सुरूच झाली नव्हती. शाळा मंडळाचे पत्र आले होते: आणखी एकदा असे झाले तर झोर्याचा फेरा बंद. फेरा बंद म्हणजे चौदा मुलांची शाळा बंद, नाहीतर चौदा मुले घर सोडून शहरात. स्लाव्काने ते पत्र खिशात घालूनच मला विकत घेतले.

ओनुफ्रींनी उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त केले होते, पण आता त्यांचे हात थरथरत. ते शेडमध्ये उपड्या बादलीवर बसले आणि स्लाव्का बसखाली गेली. आधी इंजिनातले कूलंट काढायचे होते, मग जुना हीटर काढून त्याच्या भोकावर बसवलेले गोल झाकण ठोकून तिरके करून ओढायचे होते.

"हातोडी हळू मार, पोरी. झाकण फिरवायचंय, आत पाडायचं नाहीये."

"मग तुम्हीच या ना खाली, बाबा!"

"मी खाली आलो तर मला वर काढायला आणखी एक बस लागेल."

झाकण निघाले आणि उरलेले हिरवे कूलंट स्लाव्काच्या बाहीतून थेट काखेत गेले.

"सगळं निघालंय म्हणालात ना?"

"सगळं म्हणजे बरंचसं," ओनुफ्री शांतपणे म्हणाले.

तिने भोकाच्या कडा घासून स्वच्छ केल्या, माझ्या रबरी रिंगला ग्रीस लावले आणि मला आत सरकवले. "सरळ बसव. नळी आत कुठे टेकली तर जळेल," ओनुफ्री सांगत होते. माझी वायर त्यांनी धुराच्या तापलेल्या नळीपासून आणि पंख्यापासून लांबून, जागोजागी बांधून, पुढच्या जाळीतून बाहेर काढायला लावली. स्लाव्का थकली होती. एकदाचे झाले म्हणून तिने माझा प्लग उचलला.

"थांब!" ओनुफ्री इतक्या झटक्यात उठले की बादली गडगडत गेली. "कूलंट कुठे भरलंस अजून? कोरड्यात वीज दिलीस तर दोन मिनिटांत मेला तो!"

मित्रांनो, माझे आयुष्य सुरू होण्याआधीच असे वाचले. मग कूलंट भरले, इंजिन फिरवून आतली हवा काढली, खाली पुठ्ठा टाकून एक तरी थेंब पडतो का ते पाहिले. पुठ्ठा कोरडा राहिला तेव्हा कुठे प्लग लागला. मी सूंऽऽ असा बारीक आवाज काढू लागलो. ओनुफ्रींनी बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "गातोय बघ."

माझे काम पहाटेचे आणि बिनबोभाट. एकदा तर स्लाव्का मला विजेवरून काढायचे विसरून तशीच निघाली. मागे तीस हात वायर फरफटत. "स्लाव्का, बसला शेपूट फुटलंय!" म्हणून गाव आठवडाभर हसले.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या उणे त्रेचाळीसच्या एका सकाळी, आख्ख्या भागाची वीज गेली. मी थंड पडलो. साडेपाचला शाळेतून फोन आला. शाळेला मोठे जनरेटर होते आणि तिथे ऊब होती. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "नुसती मुलं नको, घरंच्या घरं घेऊन या. घरं तापवणाऱ्या भट्ट्या विझल्यात."

पण बस सुरू कशी व्हायची? ओनुफ्रींकडे एक लहानसे जनरेटर होते. त्याच्यावर त्यांच्या घरच्या भट्टीचा, ऊब खोल्यांत फिरवणारा पंखा चालला होता. एक तर पंखा चालेल, नाहीतर मी. ओनुफ्रींनी पंख्याची वायर उपटली आणि जनरेटर घसरगाडीवर घालून बसपाशी ओढत आणले.

"बाबा, घर गार पडेल!"

"मला दोन कोट आहेत. इंजिनाला एकही नाही."

"आणि तुमचे गुडघे?"

"ते गेल्या वर्षीच गेले. आता त्यांना काय व्हायचंय?"

बॉनेटवर रजया टाकल्या. माझी वायर थंडीने काठीसारखी ताठ झाली होती, जनरेटर मधूनच अडखळत होते. मी घाबरलो होतो. अडीच तास माझ्यात जेवढे होते तेवढे मी त्या लोखंडाला दिले. स्लाव्काने किल्ली फिरवली. इंजिन कण्हले. पुन्हा फिरवली, खोकले. तिसऱ्या वेळी पांढरा धूर सोडून ते धडधडू लागले. स्लाव्काने स्टिअरिंगवर कपाळ टेकले. खालून ओनुफ्री ओरडले, "आधी प्लग काढ! शेपूट घेऊन जाऊ नकोस!"

तीन फेऱ्या झाल्या. चौदाच्या चौदा मुले, त्यांचे आईबाप, फ्रीसेन कुटुंबाचे अकरा दिवसांचे बाळ. पारास्का आजी दारात अडून बसल्या. "माझ्या कोंबड्यांना सोडून मी हलायची नाही."

"मग त्यांनाही घ्या, आजी, पण चला!"

सहा कोंबड्या खोक्यात आल्या, बोर्श्चचे पातेले आजींच्या मांडीवर. शेवटच्या फेरीत ओनुफ्री चढले तेव्हा त्यांची बोटे पांढरी पडली होती. स्लाव्काने वाटभर त्यांना सुनावले, आणि वाटभर आपले हातमोजे त्यांना घालायला लावले. बोटे वाचली. संध्याकाळी शाळेत सगळ्यांनी बिटाचे ते लाल सूप गरम करून खाल्ले.

मंडळाचे पत्र पुन्हा आले ते आभाराचे. त्यात बसचे नाव होते, स्लाव्काचे होते. माझे नव्हते. थोडे लागले मनाला, खोटे कशाला सांगू? पुढे एका उन्हाळ्यात उंदरांनी माझी वायर कुरतडली, तेही महिनाभर कुणी पाहिले नाही. शेवटी ओनुफ्रींनीच ती बदलवून घेतली. आता ते नाहीत. नव्वद वर्षे जगून, झोपेत गेले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. पहिल्या थंडीआधी एकदा खाली वाकून बघा. वायर तडकली का, प्लगचे पाय काळे पडले का, जोडवायर जाड आहे ना. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जे दिसत नाही पण ज्याच्यामुळे सकाळ सुरू होते. त्याच्याकडेही बघा.

उद्या उणे सदतीस आहे, असे स्लाव्का आताच म्हणत होती. सकाळी मुले चढतील, एक दुसऱ्याची टोपी ओढेल, कुणी गृहपाठ विसरल्याचे सांगेल. बस पहिल्याच किल्लीला कशी सुरू झाली, असे एकालाही विचारावेसे वाटणार नाही. मला ते फार आवडते.