गुरुजींची बॅटरी हेल्थ

माणसाचं आयुष्य त्याच्याच हातात असतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. हातात म्हणजे नेमकं कुठं, ते मात्र परतूरच्या एका मंगल कार्यालयात कळलं. मोबाईल उघडायचा, सेटिंगमध्ये जायचं, बॅटरीवर बोट ठेवायचं. तिथं ‘बॅटरी हेल्थ’ म्हणून जो आकडा दिसेल, तेवढे टक्के आयुष्य शिल्लक.

त्या रविवारी कार्यालयात लग्न नव्हतं, तरी दारातला चपलांचा ढीग लग्नाला लाजवणारा होता. व्यासपीठावर नवरानवरीच्या खुर्च्या सरकवून पांढरा पडदा लावला होता. पडद्यावर एक हृदय धडधडत होतं आणि हृदयाला चार्जरची वायर जोडलेली होती. पुढं कोट घालून, कानाला माईक अडकवून डॉक्टर कल्याण सर उभे होते. डॉक्टर कशाचे, हे कुणी विचारलं नव्हतं. कोट असल्यावर विचारायची पद्धत नाही.

“देव मानता?” सरांनी विचारलं. लोक एकमेकांकडं बघू लागले. “मानू नका! बुवा मानता? बिलकुल मानू नका! अंगारा, गंडा, लिंबू-मिरची, काही चालणार नाही. इथं फक्त सायन्स! मोबाईल मानता?”

“मानतो!” सगळं कार्यालय एका आवाजात म्हणालं.

“मोबाईल दिवसभर तुमच्या छातीशी. रात्री उशाखाली. बायको तरी इतकी जवळ असते का?” पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. बायकांच्या बाजूला कुणी हसलं नाही. “मग मोबाईल पितो काय? तुमची जैवविद्युत! तुमचा देह झिजला की त्याची बॅटरी झिजते. हे मी म्हणत नाही, मोबाईल म्हणतो. मोबाईलला काय स्वार्थ?”

धावड्याहून आलेला कचरू पुढं झाला. त्याच्या मोबाईलवर एकाहत्तर होते. तो आकडा पडद्यावर मोठा करून दाखवल्याबरोबर कचरूच्या तोंडचं पाणी पळालं.

“सर, पोरगी लग्नाची हाय हो माझी.”

“लागेल लग्न. घाबरायचं नाही. पप्पू, पेटी!”

पप्पू नावाचा सरांचा सहायक तांब्याची पेटी घेऊन आला. निवडक गंभीर मोबाईल फी भरून पेटीत गेले आणि पेटी मागच्या ‘ऊर्जा कक्षा’त गेली. कक्षाच्या दारावर कागद चिकटवला होता. कागदाच्या कडेनं मूळच्या पाटीतलं ‘वधू’ डोकावत होतं. पुढं दीड-दोन तास सर बोलत राहिले. मोबाईल परत आले तेव्हा कचरूच्या आयुष्याचे शंभर टक्के झाले होते. त्यानं सरांचे पाय धरले. सर म्हणाले, “पाय धरू नका, ती अंधश्रद्धा आहे.”

या गर्दीत सुमेधा बसली होती ती वडिलांमुळं. ती परतुरातच शाळेत गणित शिकवायची. वडील, पुंजाराम गुरुजी, तीर्थपुरीहून बसनं आले होते. “चल, कधी न्हाई ते सायन्सचं व्याख्यान हाय,” असं म्हणून तिला ओढून घेऊन आले होते. घरातले देव छप्पन साली आजोबांनीच बाहेर काढले होते. गुरुजींनी पुढं गावातले भगत काढले. नोकरीभर विज्ञान शिकवलं. आपोआप पेटणारा होम त्यांनी भर जत्रेत पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीननं पेटवून दाखवला होता. असा माणूस कुठल्या महाराजाच्या दारात पाय ठेवणं शक्य नव्हतं. पण इथं महाराजच नव्हता. उदबत्ती नव्हती, फोटो नव्हता, नारळ नव्हता. इथं आकडा होता, आणि गुरुजी जन्मभर आकड्यापुढंच वाकत आले होते.

गुरुजींचा आकडा अडुसष्ट होता. शंभर होऊन परत आला. ते फोन छातीशी धरून बसून राहिले. सुमेधाला हसू आलं, तिनं दाबलं. बाबांना कळेल आपोआप, म्हणून सोडून दिलं.

आता, बॅटरी हेल्थ म्हणजे एवढंच असतं: बॅटरी नवी असताना जेवढी वीज साठवत होती, त्यातली आता किती साठवू शकते. ती चार्ज करून करून झिजते, उन्हात तापून झिजते. ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला फोन लवकर म्हातारा होतो. ट्रॅक्टर चालवणारा होतोच असं नाही. हे फोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं. पण बारीक अक्षरात असतं, आणि पडद्यावर हृदय धडधडत असताना बारीक अक्षरं कोण वाचतो?

पुढच्या रविवारी सुमेधा तीर्थपुरीला गेली, तर आई, सत्यशीलाबाई, दारातच कुजबुजली, “सुमे, त्यांनी सुई बंद केली गं.”

सुई म्हणजे इन्शुलिन. गेली कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ पोटात टोचून घ्यायचे. गुरुजी बाजेवर बसून पेपर वाचत होते. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

“हे काय झालं?”

“काई न्हाई. नवी चप्पल चावली. जल्दी बरं व्हतंय.”

“सुई का बंद केली?”

गुरुजींनी पेपर खाली ठेवला आणि वर्गात विचारायचे तसं विचारलं, “शंभर टक्के बॅटरीला कुणी चार्जर लावतं का, सुमे?”

“बाबा, तो आकडा चार्जिंगचा नाही. आणि बॅटरीचा आहे, तुमचा नाही.”

“मंग मला बरं कसं वाटून राह्यलं?”

“सुई टोचत नाही म्हणून.”

“हे बघ, मी भगताकडं गेल्तो का? अंगारा लावला का? मशीन दाखवतंय ते मी मानून राह्यलो. अडुसष्टाचे शंभर माझ्या डोळ्यांनी पाहिले.”

“भगताच्या नारळातून कुंकू निघायचं ते लोकांनी डोळ्यांनीच पाहिलं होतं,” सुमेधा म्हणाली. “बरं, देवानंदकाका ट्रकखाली आले तेव्हा त्यांचा फोन नवाकोरा होता. हेल्थ शंभर असणार. काका कुठंयत?”

“अपघात धरत नसतेत त्याच्यात.”

“कुणी सांगितलं?”

“सरांना विचारलं व्हतं मी.”

सत्यशीलाबाई चहा घेऊन आल्या. “चाळीस वरसं पोरांना ‘पुरावा कुठंय’ म्हणून बडवलं, अन् आता सरांना विचारून राह्यलेत,” त्या कपाकडं बघत म्हणाल्या. बिनसाखरेचा चहा गुरुजींनी बाजूला सारला आणि साखरेचा डबा मागितला.

सुमेधानं वडिलांचा फोन घेतला. बॅटरीच्या वापराचे जुने आलेख अजून पुसले गेले नव्हते. त्या रविवारच्या आलेखात मधेच एक तुकडा कोरा होता. फोन तेवढा वेळ साफ बंद होता.

“हे बघा. पेटीत असताना फोन बंद केला होता. कशाला?”

“ऊर्जेचा झोत मोठा असतोय. आपोआप बंद पडतो, सर म्हणले.”

“बाबा, तुम्हीच शिकवलंय. नियम सिद्ध करायला हजार उदाहरणं पुरत नाहीत, मोडायला एक पुरतं.”

“मंग आण एक.” गुरुजींचे डोळे पहिल्यांदा चमकले. “पण बराबर प्रयोग करून आण. तोंडी न्हाई.”

“माझा जुना फोन घेऊन जाते. पाठीचं झाकण जिथं जोडलंय, तिथं नेलपॉलिशची केसाएवढी रेघ ओढते. झाकण उघडल्याशिवाय रेघ तुटणार नाही. तुटली, तर सुई घ्याल?”

“घेईन. शब्द.”

“आणि तोवर?”

“तोवर प्रयोग चालू हाय,” गुरुजी म्हणाले. “निकाल लागायच्या आत मत बदलायचं नसतंय.”

सरांचं परतूरचं पुढचं शिबिर दोन आठवड्यांनी होतं. तोवर सुमेधा रोज फोन करत राहिली. गुरुजी रोज “शंभर!” म्हणून ठेवून देत. आई म्हणायची, अंगठा काळा पडून राह्यलाय, दवाखान्याचं नाव काढलं की फोन उघडून दाखवतेत.

शिबिराला गर्दी दुप्पट होती. कचरू आता स्वयंसेवक झाला होता, छातीवर बिल्ला लावून लोकांना रांगेत बसवत होता. पुष्पाबाई नावाच्या एक आजी नातीचा फोन घेऊन आल्या होत्या, कारण त्यांच्याकडं फोन नव्हता आणि फोन नसलेल्या माणसाचं आयुष्य मोजायची सोय अजून निघालेली नव्हती. सुमेधाचा आकडा चौसष्ट निघाला. सर हळहळले, “मॅडम, एवढ्या तरुणपणी!” आणि फोन पेटीत गेला.

परत आला तेव्हा आकडा शंभर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमेधानं फोन खिडकीच्या उजेडात धरला. लाल रेघ मधोमध तुटली होती, आणि वरचा तुकडा खालच्यापासून थोडा सरकला होता.

ती उठली ती सरळ ‘ऊर्जा कक्षा’च्या दारावर गेली आणि टकटक केलं.

“च्या आला का?” म्हणत पप्पूनं दार उघडलं.

नवरीच्या आरशापुढं झाकणं उघडलेले फोन ओळीनं मांडले होते. तिथं बसलेल्या सरांच्या तीन ‘सायन्टिस्टां’पैकी एकाच्या हातात गरम हवेचं मशीन होतं, दुसरा रबरी चूषक लावून काचेचं झाकण उपटत होता, तिसरा बॅटरी चिकटवत होता. खोक्यात नव्या बॅटऱ्या होत्या. कोपऱ्यातल्या बादलीत जुन्या होत्या, त्यातल्या काही पुरीसारख्या फुगल्या होत्या. सुमेधानं दार सताड उघडलं आणि मागं वळून म्हणाली, “या सगळे. तुमचं आयुष्य कसं वाढतं ते बघून जा.”

लोक उठून आले. बघितलं. मग कचरू हळूच म्हणाला, “म्हंजी बॅटरीच नवी टाकली व्हय?”

“हो.”

“ओरिजनल हाय का?”

कल्याण सरांनी ती फट बरोबर हेरली. “बघा! कुणाचं नुकसान झालं? बाजारात गेला असतात तरी खर्च आलाच असता! बॅटरी हे फक्त माध्यम आहे…”

“बराबर हाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

पुष्पाबाईंनी सुमेधाचा हात धरला. आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणं होतं. “बाई, शंभर झालं तर जिवाला बरं वाटलं व्हतं. कशाला मोडता घातला?”

सुमेधा उत्तर द्यायला थांबली नाही. तिला तीर्थपुरी गाठायची होती. उत्तर तिथं द्यायचं होतं.

खोलीत शिरल्याबरोबर वास आला. गुरुजींना ताप होता, श्वास जोरात चालला होता. अंगठ्यावरची चिंधी आता अर्ध्या पावलावर आली होती. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा मागितला. तो डोळ्यांवर चढवायला सत्यशीलाबाईंना मदत करावी लागली. त्यांनी फोन आडवा धरला, झाकणाच्या सांध्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“तुटली,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“दार उघडून पाहिलं का? का नुसत्या रेघेवरनं…”

“पाहिलं. नव्या बॅटऱ्या टाकत होते.”

गुरुजींनी डोळे मिटले. मग सदरा वर करून पोट उघडं केलं. “आण सुई. मी शब्द दिल्ता.”

सुई घेतली. पण विष रक्तात गेलं होतं. जालन्याला दवाखान्यात नेलं, पाय गुडघ्याखाली काढला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणायचं होतं. पंधरा दिवस आधी प्रयोग चालू होता. पाय काढल्यावर दोन दिवसांनी गुरुजी गेले.

पुण्यानुमोदनाला विहारापुढचा मांडव भरला. गुरुजींचे विद्यार्थी आले होते, वस्तीतले होते, गावातले पाटील-देशमुख होते. मागच्या रांगेत, बिल्ला काढून ठेवलेला, कचरूही होता. वंदना झाली. लोकांनी गुरुजींनी पकडलेल्या भगतांच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी सुमेधा उभी राहिली.

“बाबांनी जन्मभर भगत पकडले,” ती म्हणाली. “कारण भगत भगतासारखा दिसायचा. या वेळी तो कोट घालून आला आणि म्हणाला, मी सायन्स. आपण देव सोडले, पण विचारायचं सोडलं तर सोडून काय उपयोग? आकडा दिसला म्हणजे विज्ञान झालं असं नाही. आकडा कशाचा, कुणी मोजला, कशानं मोजला, हे विचारणं म्हणजे विज्ञान. बॅटरी किती उरली ते फोनला विचारा. साखर किती आहे ते रक्ताला विचारा. आणि चालू असलेली सुई, गोळी, कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आधी डॉक्टरला विचारा.”

तिनं वडिलांचा फोन वर धरला.

“बाबा म्हणायचे, नियम मोडायला एक उदाहरण पुरतं. मला म्हणाले होते, आण एक. ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी हा फोन त्यांच्या उशाशी होता. मी उघडून पाहिला. बॅटरी हेल्थ शंभर टक्के.”

मग खीर वाढायला घेतली.

तो फोन आता सत्यशीलाबाईंकडं असतो. संध्याकाळी लेकीचा एक फोन येतो. बाकी काही वापर नाही, त्यामुळं चार्जिंग दोन दिवस पुरतं.