धाकट्याच्या काट्यावर

दर रविवारी सकाळी थोरलीचं वजन व्हायचं, आणि ते रद्दीच्या गोदामात व्हायचं. माणसाचं वजन करायला जगात जागा काय कमी आहेत? औषधाच्या दुकानात काटा असतो, दवाखान्यात असतो. पण घरचा काटा असताना बाहेर कशाला जायचं, असं आईचं म्हणणं. घरचा काटा म्हणजे धाकट्या भावाचा, जाड लोखंडी पाट्याचा. एरवी त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पुठ्ठे आणि मोडके पंखे चढायचे, आणि रविवारी थोरली चढायची. आई खुर्ची टाकून बसायची. भावजय हाताची घडी घालून दारात उभी राहायची. हमाल सुतळी बांधत असल्याचं सोंग करायचे. लाल आकडे धाकट्याच्या टेबलाकडे तोंड करून होते, त्यामुळे आकडा तोच वाचायचा, आणि भाव सांगावा तसा मोठ्याने वाचायचा.

थोरली सेहेचाळीस वर्षांची होती. एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर उभं राहून तिने दोन मुली मार्गी लावल्या होत्या. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावरच. अशा बाईला भर गोदामात पाट्यावर उभं करायचं आणि वर "पाय नीट ठेव गं" म्हणून ओरडायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

कारणही तसंच होतं म्हणा. धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड मशीनवर पडून राहायचं, आणि घरी आला की भिंत धरून चालायचा. आईचं वय झालेलं, भावजयीचं रक्त जुळेना. जुळलं ते थोरलीचं. त्या दिवशी आईने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "देवानेच ठेवली होती गं ही तुझ्याकडे!" जणू थोरली इतकी वर्षं ती किडनी दुसऱ्याचा डबा सांभाळावा तशी सांभाळत बसली होती. देशील का, असं कुणी विचारलं नाही. ती देणारच होती, तो प्रश्न नव्हता. धाकटा रांगायला लागला तेव्हापासून तो तिच्याच कडेवर होता. पण विचारायला काय जीभ झिजते का कुणाची?

डॉक्टरीणबाईंनी मात्र अट घातली. थोरलीचं वजन ब्याण्णव. ते ऐंशीच्या आत आणा, नाहीतर ऑपरेशन तिच्या जिवावर बेतेल. आत आलं की लगेच तारीख देते.

तेव्हापासून भूक हीच थोरलीच्या अंगावरची साडी झाली, दिवसभर सोडता येत नव्हती. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी काकडी आणि पातळ सूप, चहा बिनसाखरेचा. लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीखाली हॉटेलांच्या चादरी सरकवताना पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, सभा भरवत होते. त्यात शेजारी बेकरी. दुपारी भट्टी उघडली की पावाचा वास भिंतीतून आत यायचा आणि थोरलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. बायका म्हणायच्या, "पाणी पी, भूक मरते." ज्यांनी हे सांगितलं त्या सगळ्या जणी तेव्हा काही ना काही चघळत होत्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

पण खरं सांगायचं तर पोटाची भूक थोरलीला जड नव्हती. गरिबीत वाढलेल्या बाईला ती ओळखीची असते. जड होती ती दुसरी भूक, जी जेवण झाल्यावर लागते. आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आज काय काय खाल्लंस? खरं सांग." भावजय मधेच बोलायची, "ताई, काल तुमचा चेहरा जरा सुजल्यासारखा वाटला हो." थोरली "हं" म्हणायची, फोन ठेवायची आणि तिचे पाय आपोआप फडताळाकडे वळायचे. इतर लोक मूग गिळून गप्प बसतात. थोरलीचं मुगाने भागत नसे, शब्द गिळायचे तर सोबत बिस्किटं लागत. सासू बोलली, खा. साहेब ओरडला, खा. लहानपणी धाकट्याने मारलं आणि ती रडली, तर आईने तिच्या तोंडात साखर भरून म्हटलं होतं, "गप गं, लहान आहे तो." तेव्हापासून हेच चालत आलेलं. आता तेही बंद करायचं होतं, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तरी ती फडताळाच्या दाराला हात लावून उभी राहायची आणि बहुतेक वेळा परत फिरायची. कधी एखाद्या दिवशी हरायची, दोन-चार बिस्किटं खायची आणि रात्रभर स्वतःला शिव्या घालायची.

वजन मात्र उतरत होतं. थंडी सरता सरता एका रविवारी धाकट्याने आकडा वाचला, "एकोणऐंशी!" आईने खुर्चीतून उठून हात जोडले. हमालांनी टाळ्या वाजवल्या. भावजय पहिल्यांदाच हसली. थोरली पाट्यावर तशीच उभी राहिली, तिला उतरावंसंच वाटेना. आपण काहीतरी करून दाखवलं असं तिला किती वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं खटलं हॉस्पिटलात गेलं. नर्सने थोरलीला काट्यावर उभं केलं, वाकून पाहिलं, परत शून्य करून पाहिलं. त्र्याऐंशी. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "छान उतरलंय, पण अजून थोडं हवं. आज तारीख नाही देता येणार."

बाहेरच्या बाकाजवळ आईने आवाज चढवला. "काल एकोणऐंशी होतं! एका रात्रीत काय गिळलंस गं?"

"काही नाही खाल्लं, आई."

"काट्याचं काय वैर आहे तुझ्याशी? भाऊ इथे मरणाच्या दारात आणि तुला तुझी जीभ आवरेना!"

भावजय रडायला लागली. रडता रडता एवढं नेमकं बोलली, "नव्हतं द्यायचं तर तसं सांगायचं होतं ना ताई. असं खाऊन कशाला नाही म्हणायचं?"

बाकावरचे अनोळखी लोक माना वळवून थोरलीकडे बघत होते, आणि बघत होते ते तिच्या पोटाकडे. धाकटा बाकाच्या टोकाला बसला होता. तो बुटांकडे बघत एवढंच म्हणाला, "जाऊ दे ना आई." थोरलीला वाटलं, बिचारा आपल्यालाच सांभाळून घेतोय. तिला भरून आलं.

त्या संध्याकाळी ती फडताळापुढे हरली, आणि चांगली सपशेल हरली. उभ्या उभ्या अख्खा पाव, बिस्किटांचे दोन पुडे आणि बरणीतला मुरंबा बोटाने. चव कशाचीच लागली नाही. खाल्लं म्हणता ना, मग हे घ्या, खाल्लं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला त्यांचं पटलं होतं. आपणच कधीतरी न कळत खाल्लं असणार. आपल्यासारखीचा काय भरवसा?

ही गोष्ट तिने लॉन्ड्रीत एकीलाच सांगितली. ती चादरींच्या घड्या घालायची, म्हणून सगळे तिला घडीवाली म्हणायचे. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात पापही नव्हतं. ऐकून घडीवालीने हातातली चादर टाकली.

"एका रात्रीत चार किलो? अगं बाई, त्याला बेकरी खावी लागेल, भट्टीसकट!"

तिने थोरलीला ओढत कपडे तोलायच्या काट्यापाशी नेलं. लॉन्ड्रीचं बिल किलोवर निघायचं, आणि हॉटेलवाले आपला माणूस पाठवून तो काटा तपासून घ्यायचे, त्यामुळे तिथे इकडचं तिकडे व्हायची सोय नव्हती. थोरली चढली. त्र्याऐंशी आणि वर थोडं.

"बघ, वाढलंच आहे," थोरली पुटपुटली.

"वाढलं नाहीये. पहिल्यापासून एवढंच असणार." घडीवाली थांबली. मग जरा जपून म्हणाली, "तुझा भाऊ रद्दी विकत घेतो ना गं? वजनावर?"

थोरली काट्यावरून उतरली. गोदामात येणारी गिऱ्हाइकं तिच्या डोळ्यांपुढे आली. "घरी तर जास्त भरलं होतं हो," असं म्हणणारी, आणि धाकट्याचं ते ठरलेलं उत्तर, "तुमचा घरचा काटा बिघडलाय." मापात पाप! आणि त्या पापावर तिला उभं करून हा आकडे वाचत होता. ते एक वेळ सोडा, सवयीने विसरला असेल. पण हॉस्पिटलात? नर्सने आकडा सांगितला त्या क्षणी त्याला कळलं होतं. सगळ्या जगात फक्त त्याला कळलं होतं. आणि तो बुटांकडे बघत बसला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी भट्टी उघडली, पावाचा वास आला, आणि तिचं लक्षही गेलं नाही.

रविवारी ती गोदामात गेली ती एकटी नाही. घडीवाली सोबत होती, आणि लॉन्ड्रीच्या ढकलगाडीवर साबणपावडरीची गोणी होती, कारखान्याची शिलाई न उसवलेली, वर ठळक छापलेलं, पंचवीस किलो.

"आज आधी हिचं वजन," थोरली म्हणाली, आणि दोघींनी गोणी पाट्यावर टाकली.

धाकट्याचा चेहरा पिठासारखा झाला. "हे काय आता, ताई?"

"वाच की. नेहमी वाचतोस तसं, मोठ्याने."

तो वाचेना. तेव्हा थोरलीने टेबलाला वळसा घातला आणि स्वतः वाचलं. "पावणेचोवीस!"

हमालांच्या हातातली सुतळी थांबली. आई गोणीकडे बघत होती, आकड्याकडे बघत होती. "गोणी कमी भरली असेल," ती म्हणाली.

"ती गोणी कमी भरली, मी जास्त भरले, त्याचा काटा तेवढा हरिश्चंद्राचा! आई, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही. चारचौघांत." थोरली धाकट्याकडे वळली. "आणि तू गप्प बसलास. का बसलास?"

"धंदा आहे गं, ताई." तो भिंतीला टेकला. खरंच दमला होता. "सगळेच करतात. तिथे सगळ्यांसमोर कसं सांगणार होतो? म्हटलं, तू काय, उतरवशील अजून चार किलो."

"मला खादाड म्हणत होते ते चाललं तुला?"

भावजय आत पळाली, आणि बाहेर आली ती केकची बशी घेऊन. क्रीमचा, जाड तुकडा. आईने ती तिच्या हातातून घेतली आणि थोरलीपुढे धरली. "घे, दोन घास खा. डोकं शांत होईल. किती रोडावलीस बघ! आजारी आहे गं तो, सोडून दे."

थोरलीच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच सुटलं. सकाळपासून तिच्या पोटात एक अंडं होतं. महिनोन्‌महिने जिने तिचा घासन्‌घास मोजला, तीच आई आज बशी पुढे करत होती, कारण आज थोरलीचं तोंड उघडलं होतं. तिला त्या बशीचा संताप आला.

"हे उचल, आई. आजवर हेच केलंस. मी बोलायला लागले की तोंडात काहीतरी कोंबलंस, आणि मग जाडी म्हणून मलाच नावं ठेवलीस. मला भूक लागलीय. पण हा केक मला भुकेसाठी देत नाहीयेस तू."

आईचा हात तसाच हवेत राहिला.

"आणि रडू नकोस," थोरली डोळे पुसणाऱ्या भावजयीला म्हणाली. "किडनी देणार आहे मी. तुम्ही ती मागितलीही नाहीत, गृहीत धरलीत, तरी देणार. तो मला जिवंत हवाय. वजन हॉस्पिटलात करीन, एकटी जाऊन करीन, आणि मी काय खाल्लं हे आजपासून कुणी विचारायचं नाही. पण माफी नाही देणार. ती मिळवायची तर मागावी लागते."

तिने गोणी परत गाडीवर घेतली. घडीवालीने गाडी दाराकडे वळवली.

"ताई, थांब." धाकट्याचा आवाज.

ती थांबली. पाठमोरीच थांबली, पण कान मागे होते. आत्ता जरी तो म्हणाला असता, चुकलं माझं, एवढंच, तरी ती मागे फिरून त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार होती. तिला स्वतःचा रागच आला त्याबद्दल, पण फिरवणार होती हे खरं.

"बाहेर कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "काट्याचं."

फाटकाशी एक म्हातारी उभी होती. छातीशी जुन्या वह्यापुस्तकांचा गठ्ठा धरून आत यायला वाट मिळायची वाट बघत होती. थोरलीने गाडी बाजूला घेतली, पण वाट दिली नाही.

"आजी, दुसरीकडे जा," ती गोदामात ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली. "इथला काटा खोटा आहे. माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून खात्रीने सांगते."