नुसत्या तेलावर

एर्विन होलचेकने रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, काढून टेबलावर ठेवला, नळी आभाळाकडे रोखली आणि मागच्या टोकाला डोळा लावला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नळी आतून तांबूस दिसत होती.

"काय रे, आत कोण राहायला आलंय?" शेजारच्या टेबलावरून कर्टिसने विचारलं.

"गंज," एर्विन म्हणाला.

कर्टिस हातातली काडतुसं तशीच ठेवून उठला. एर्विनच्या रायफलला गंज, ही नेमबाजी क्लबात बातमीच होती.

महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी क्लबच्या रेंजवर फक्त जुन्या, लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली चालत. त्यांची काडतुसंही तशीच जुनी, पत्र्याच्या डब्यांत सीलबंद आलेली. स्वस्त, पण उडाली की नळीत गंज आणणारा खार सोडणारी. हा खार पाण्यानेच जातो, तेलाने नाही. म्हणून सगळे थर्मासमध्ये उकळतं पाणी घेऊन येत आणि निघण्यापूर्वी नळीतून ओतत. एकटा एर्विन कधी थर्मास आणत नसे. "आले चहावाले!" म्हणून तो बाकीच्यांची टर उडवायचा. "पाणी भांड्यांना घाला. रायफलला तेल बस्स झालं." बावीस वर्षं तो हेच सांगत आला होता आणि पुरावा म्हणून आपली १९४३ची रशियन रायफल पुढे करत होता. लोक नळीत डोकावायचे. आरसा! मग मुकाट्याने आपापला थर्मास उघडायचे. क्लबच्या वार्षिक जेवणातही हा वाद व्हायचाच, आणि शेजारी बसलेली त्याची बायको लोरेन शांतपणे आपला केक खात असायची.

"काडतुसं तीच?" कर्टिसने विचारलं.

"त्याच डब्यातली."

"तेल?"

"तेच. गेल्या वेळी घरी जाऊन लावलं, खुंटीला टांगली. नेहमीसारखी."

"मग बदललं काय?" कर्टिस बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. लोरेन ऑगस्टमध्ये गेली होती. एर्विन त्यानंतर एकदाच, सप्टेंबरात, रेंजवर आला होता.

एर्विनने त्या दिवशी एकही गोळी उडवली नाही.

घरी येऊन त्याने रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली आणि घासायला काही मिळतं का म्हणून खण धुंडाळू लागला. डावांच्या मागे एक छोटं पत्र्याचं नरसाळं होतं. त्याच्या तोंडाला वीतभर रबरी नळी बसवलेली. हे त्याने पूर्वीही पाहिलं होतं, मुरंब्याचं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याने ते नाकाशी नेलं. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आला.

त्याने रबरी टोक रायफलच्या मागच्या भोकात घातलं. नेमकं बसलं.

तो खुर्चीवर बसला. रेंजवरून आलं की नळीत तेलाची चिंधी फिरवायची, रायफल खुंटीला टांगायची आणि सोफ्यावर तासभर आडवं व्हायचं, हा त्याचा नेम. झोपेत केटलीची शिट्टी ऐकू यायची. दर वेळी. लोरेन चहा करतेय, असं वाटून तो कूस बदलायचा. लोरेन जन्मभर कॉफी पीत आली, तीही यंत्रातली. तरी त्याने उठून कपाट उघडून पाहिलं. घरात चहाची एकही पुडी नव्हती.

आधी त्याला रागच आला. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मग तिने सांगितलं असतं तर आपण काय म्हणालो असतो, तेही त्याला आठवलं. जेवणाच्या टेबलावर, पंधरा जणांदेखत, मोठ्याने. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने केटली ठेवली. पाणी उकळत आलं तेवढ्यात फोन वाजला.

"डबा खराब निघाला का रे?" कर्टिस म्हणाला. "माझ्याकडे जास्तीचा आहे, घेऊन जा. आणि ती शिट्टी कसली वाजतेय?"

"केटली."

"तू? चहा?"

"डबा चांगलाय, कर्टिस. बावीस वर्षं आमच्याकडे लोरेन नळीत पाणीच घालत होती. सांगून टाक सगळ्यांना." त्याने केटली उतरवली. "नको, राहू दे. मीच सांगेन."

एर्विनने फोन ठेवला.

त्याने रायफल सिंकमध्ये उभी केली आणि नरसाळ्यातून पाणी ओतलं. आधी तांबडं आलं, मग फिकट. बघता बघता लोखंड इतकं तापलं की हात चटकन मागे घ्यावा लागला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेगडीशेजारच्या खिळ्याला लोरेनचं गरम भांडी उतरवायचं जाड फडकं तसंच लटकत होतं. त्यावर आडवा काळा पट्टा उमटला होता, बोटभर रुंद. त्याला वाटायचं, तव्याचा असेल.

त्याने फडकं काढलं, पट्टा नळीवर बरोबर बसवला आणि दुसऱ्या हाताने पाणी ओतत राहिला.