जाळीच्या आतली पिलं

शाळा सोडून मी रेवणप्पांच्या लातुरातल्या साडीच्या दुकानात कामाला लागले. श्रावणात तिथं पारव्याची जोडी शिरली.

"मारायचं न्हाई, नुसतं हाकल," अप्पा म्हणले.

मी शिडीवर चढून झाडूनं दोन्ही हाकलले आन् झरोक्याला जाळी ठोकली. दुपारी वरच्या पीओपीच्या छतातून चींचीं ऐकू आली. आत पिलं होती.

"अप्पा, जाळी काढते. पिलं उपाशी मरतेत."

"पुन्हा घाण होईल. आपण हात लावला का त्यास्नी? महादेव बघील."

"महादेव शिडी लावतोय व्हय?"

मी शिडी उचलली. अप्पांनी ती हिसकून गोदामात कुलपात घातली. आवाज दबावा म्हणून ते रोज भजनं मोठ्यानं लावायचे.

आज भजनं बंद हायत. वरबी आवाज न्हाई. पारवी तेवढी बाहेरून जाळीला धडकायलीय.