हौदातली तिसरी खेप

कुणाला खरं वाटणार नाही, पण मुकुंदवाडीत कडुबा गांडुळांवरचं गोणपाट भिजवायला लागला, की दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिलं टोक पापडासारखं वाळलेलं असायचं. शेवटी माणूस इरेला पेटला. तांब्या घेऊन गोल गोल पळायला लागला. तरी ऊन आपलं त्याच्या दोन पावलं पुढंच.

गांडुळं होती अंगणातल्या सिमेंटच्या हौदात. हौद मुळात नळाच्या पाण्याचा. आठवड्यातून एकदा येणारं पाणी त्यात साठायचं. गांडूळखताच्या नादात कडुबानं तो अडवला, आणि तेव्हापासून त्याची बायको सत्यभामा हंडे, कळशा, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवत होती. तिनं सांगून टाकलं होतं, ही तिसरी खेप मेली की हौद माझा.

पहिली खेप मुंग्यांनी नेली. दुसरीला बोअरचं पाणी बाधलं. ते एवढं खारट, की गांडुळं कडेवर येऊन शेजाऱ्यांच्या माठाकडं बघत बसायची. तिसरी काल गेली. सकाळी शेण उकरलं, तर खाली नुसत्या वाळक्या शेवया. कडुबानं टोपी काढून आपटली, उचलली, झटकली, पुन्हा आपटली. चाळीस वर्षं शेतीत काढली आणि बोटभर किडा जगवता येईना!

त्यानं गोणपाट जसंच्या तसं अंथरलं आणि घरात काही कळू दिलं नाही. आज सिल्लोडहून विहीणबाई येणार होत्या. गांडुळांचं बियाणं ह्या मनकर्णाबाईंच्याच गोठ्यातलं. गुपचूप चौथी खेप कबूल करून घेतली असती, म्हणजे हौद वाचला असता. पण बाईंनी चपला काढायच्या आधी गोणपाट वर केलं.

"पाव्हणं, गांडुळं कुठायत?"

कडुबानं घसा साफ केला. म्हणाला, लई हुशार निघाली. मंगळवारी नळ सुटला तशी त्यांना ओल कळली. एकमेकांच्या शेपट्या धरून रांगेनं तोटीत शिरली आणि पाण्याच्या उलटं पोहत थेट जायकवाडीला गेली. एक दांडगं तोटीत अडकलं होतं, त्याला कडुबानं स्वतः गोडंतेल लावून वाट करून दिली. जाताना त्यानं मागं वळून बघितलं म्हणे. आता नवीन मिळाली तर तोटीला जाळी बसवायची, एवढाच प्रश्न.

मनकर्णाबाईंनी मान हलवली. दांडग्यांचं असंच असतं, म्हणाल्या. कडुबाच्या जिवात जीव आला. तो जाळीचं माप सांगायला लागला.

सत्यभामा उंबऱ्यात उभी होती.

"मंगळवारी कुठला नळ? आज धा दिवस झाले, तोटीतून नुसतं वारं येतंय. विहिणीपुढं लबाड बोलू नका. मेलीत ती. हौद मोकळा करा."