पाटावरची डिस्क

आपला मुलगा मूर्ख आहे, हे फत्तेसिंहरावांना फार वर्षांपूर्वी कळलं होतं. दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता त्याचा आणखी एक पुरावा मिळाला, एवढंच.

देवघरासमोर पाट मांडला होता. पाटावर पणजोबांची तलवार, एक कट्यार, स्कूटरची किल्ली, दोन पान्हे आणि पोट उघडून ठेवलेला लॅपटॉप. संस्थानच्या फौजेत होतं तोवर या घराण्याने शस्त्रं पुजली. आता पंपांच्या कंपनीत विक्रीचं काम करणारा यशराज हाताला लागेल ते पुजत होता. लॅपटॉप सुनेचा, स्नेहलचा. त्याची जुनी डिस्क चार दिवसांपूर्वी बंद पडली होती आणि चुइंगमच्या पट्टीएवढी नवी डिस्क बडोद्याच्या लहरीपुऱ्यातल्या हार्दिकभाईच्या दुकानातून आणली होती. हार्दिकभाई ती बसवून, विंडोज टाकून द्यायला तयार होता. पण दुकानदाराच्या हाती लॅपटॉप दिला की तो आतले भाग बदलतो, असं यशराजचं ठाम मत होतं. त्याची सगळीच मतं ठाम होती.

यशराजने ओल्या गंधात बोट बुडवलं. तलवारीला लावलं, किल्लीला लावलं, मग ती पट्टी उचलली आणि जिथं तिचे सोनेरी दाते खाचेत बसतात नेमक्या त्या टोकावर भरघोस बोट ओढलं. वर अक्षता.

"अरे, लॅपटॉपच्या झाकणाला लाव," फत्तेसिंहराव म्हणाले. "तिथं नको."

"आबा, तुम्हाला यातलं काय कळतं? तुम्ही बसा ने."

बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून फत्तेसिंहरावांनी दुसरं केलं काय होतं? धातूला धातू नीट टेकला की बोलणं पलीकडे जातं, मध्ये काही आलं की जात नाही. यात न कळण्यासारखं काय आहे! पण ज्याला कळत नाही त्याने बसावं. ते बसले. झोपाळ्यावर बसले, पेपर उघडला आणि मनाशी ठरवलं, विचारलं तर सांगू, नाही तर बस बोंबलत.

आरती झाली. यशराजने पट्टी खाचेत सरकवली, स्क्रू पिळला आणि झाकण लावलं. हार्दिकभाईने दिलेला पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं. निळा पडदा आला, भाषा विचारली, अटी मान्य करायला सांगितल्या. पुढं 'कोणत्या डिस्कवर टाकायचं?' असं विचारलं आणि खाली यादीत एकही डिस्क नव्हती.

"होतं असं पहिल्यांदा," यशराज म्हणाला.

दुसऱ्यांदाही झालं. मग त्याने मोबाइलवर कुणा पोरगेल्या तज्ज्ञाचा व्हिडिओ लावला, लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून तीन गोष्टी बदलल्या, त्यातल्या दोन काय आहेत हे त्याला माहीत नव्हतं. यादी रिकामीच. मग कसलासा ड्रायव्हर शोधला. तो दुसऱ्याच कंपनीच्या लॅपटॉपचा निघाला. मग चार्जर काढून बघितलं, चार्जर लावून बघितलं. मध्ये अर्धा तास फाफडा-जलेबीच्या रांगेत उभा राहून आला, कारण दसऱ्याला बडोद्यात फाफडा न खाणं म्हणजे काय ते! सगळं करून झालं, फक्त ती पट्टी बाहेर काढून बघितली नाही. ती त्याने स्वतः बसवली होती. तिथं चूक असणं शक्यच नव्हतं.

फत्तेसिंहरावांना मजा येत होती. खोटं कशाला बोला? अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं त्यांनी एक्स्चेंजमध्ये पुष्कळ पाहिली होती. साहेब म्हणून येत, मेकॅनिकला बाजूला सारत, आणि तासाभराने घाम पुसत त्याच मेकॅनिकला हाक मारत. हा हाक कधी मारतो ते बघत त्यांनी फाफडा खाल्ला. चांगला होता.

स्नेहल मात्र खात नव्हती. आज बंगळुरूच्या एका कंपनीची नोकरीसाठीची ऑनलाइन परीक्षा होती. चारच्या आत लॅपटॉपवरून आत शिरायचं, मोबाइल चालणार नाही, चारनंतर दार बंद. त्या लोकांना कसला दसरा! फत्तेसिंहरावांची बायको रखमाबाई सहा वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळली तेव्हा स्नेहलने चांगली नोकरी सोडली होती. रखमाबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून स्नेहलने अर्जांवर अर्ज केले, आणि बोलावणं आलं ते या एकाच ठिकाणाहून.

दुसरा लॅपटॉप मिळण्यासारखा नव्हता. यशराजचा होता सयाजीगंजच्या ऑफिसात, ऑफिसला कुलूप. शेजारचे सकाळीच सावली गावाला गेलेले.

दोन वाजता यशराजने हार्दिकभाईला फोन लावला आणि नकली माल खपवतोस म्हणून झाडला. मुहूर्ताला तासभर दुकान उघडून बसलेला तो भला माणूस शांतपणे म्हणाला, "यशराजभाई, लईने आवो ने. हमणां जोई आपुं."

"पाहिलंस? घेऊन या, आत्ता बघून देतो म्हणतो. म्हणजे आणखी काही गळ्यात मारणार." यशराजने फोन ठेवला.

"अहो, मी घेऊन जाते ना," स्नेहल म्हणाली. "रिक्षाने दहा मिनिटं लागतील."

"काही नको. मी आणतो ठिकाणावर."

नाचता येईना तर अंगण वाकडं, हे ठीक. पण हा दुसऱ्याचंही अंगण उकरत होता. फत्तेसिंहरावांनी पेपरचं पान उलटलं. 'आबा' एवढी दोन अक्षरं उच्चारायला काय लागतं? ओठही फारसे दुखत नाहीत. तीन वाजले, तरी ती दोन अक्षरं आली नाहीत.

साडेतीनला स्नेहल समोर येऊन बसली. तिने इस्त्रीचा कुडता घातला होता, केस नीट बांधले होते, कारण परीक्षेत कॅमेरा सुरू ठेवायचा होता. तिने त्या रिकाम्या यादीकडे पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली, "नाही व्हायचं आता." आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

फत्तेसिंहराव झोपाळ्यावरून उठले. त्यांची मजा संपली होती.

"सरक," ते मुलाला म्हणाले. रखमाबाईंच्या औषधांच्या कपाटातून त्यांनी स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला, झाकण उघडलं, पट्टी ओढून काढली. दाते लाल, खाचेतही वाळलेलं गंध, अक्षतेचा एक दाणाही. दाते पुसले, जुन्या टूथब्रशाने खाच साफ केली, फुंकर मारून पट्टी बसवली. पाच मिनिटांत झालं. यादीत डिस्क आली.

पण विंडोज काही पाच मिनिटांत होत नाही. टक्के चढत राहिले, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, 'थोडं थांबा' म्हणालं, पुन्हा तेच म्हणालं. चार वाजून आठ मिनिटांनी स्नेहलने लिंक उघडली. वेळ संपल्याची एक ओळ होती. ती तिने दोनदा वाचली.

"असल्या कंपनीत जाऊच नये," यशराज म्हणाला. "आणि ते गंध तर पूजेचं होतं, मला काय माहीत!"

त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. "तुम्ही तरी हात लावलात, आबा," ती म्हणाली. "उशिरा लक्षात आलं, त्याला तुम्ही काय करणार."

फार सोयीचं वाक्य होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पोरगा मूर्ख होता, त्याने न कळून केलं. आपण कळून केलं, आणि वर फाफडा खाल्ला. फत्तेसिंहरावांना स्वतःची किळस आली.

"मला सकाळीच कळलं होतं," ते म्हणाले. "तो गंध लावत होता तेव्हाच."

स्नेहल त्यांच्याकडे वळली. "मग दिवसभर बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही."

तिने लॅपटॉप मिटला.

"आईंसाठी नोकरी सोड, असं मला तरी कुठं कोणी म्हणालं होतं, आबा?"